दोनशे किलोच्या खाली

ट्रक काट्यावर चढला की ते खिडकीतून ओरडायचे, "उतर खाली! तुला पण विकायचाय काय?" मग ड्रायव्हर उतरायचा, क्लीनर उतरायचा, कधीकधी पुढच्या काचेला टेकवलेला देवसुद्धा उतरायचा, आणि मगच ते आकड्याकडे बघायचे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ट्रक तोलणारे वजनकाटे बरेच आहेत. ड्रायव्हरला उतरवणारा मला माहीत असलेला हा एकच.

"काटेवाले, गाडी दहा टनाची. माझ्या सत्तर किलोनी काय फरक पडणार?"

"फरक पडतो का नाय ते काटा बघेल. तू माल हायेस काय? नायस ना? मग उतर."

सगळी वसाहत त्यांना काटेवाले म्हणायची. मी काका म्हणायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती पुरावा मागायला. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि जगातली प्रत्येक गोष्ट माझ्या लेखी एकतर पुरावा होती नाहीतर अडथळा. आमचा चौघांचा गट होता. कारखान्यांचा वास, हातमोज्यांशिवाय ड्रम उचलणारे कंत्राटी कामगार, क्षमतेच्या वर भरून पळणारे ट्रक, असं काही दिसलं की आम्ही पत्रक काढायचो. मजकूर माझा. वडील सोलापूरकडून इथे कारखान्यात लागले, मी बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांत वाढले, आणि "आम्ही खालील मागण्या करीत आहोत" हे वाक्य मला पाढ्यासारखं येतं.

"जास्त भरलेल्या गाड्यांच्या पावत्यांच्या प्रती मिळतील का?" मी विचारलं.

"पावती ज्याची त्याला. तुझी पायजे तर चढ काट्यावर."

रागाने चढले. त्या अजस्र लोखंडी पाटावर मी एकटी उभी. दहा-दहा किलोनी सरकणारा आकडा पन्नास दाखवायचा, साठ दाखवायचा, परत पन्नास.

"द्या आता पावती."

"मिळणार नाय. दोनशे किलोच्या खाली हा काटा कोणाला ओळखत नाय. आकडा दाखवतो, पण त्याचा भरवसा नाय. मी फाडत नाय."

"तुमची तरी निघते का?"

ते हसले, आणि हसताना खिडकीची चौकट पूर्ण भरली. "माझी पण नाय. एकशेबारा किलो. शर्यतीत जास्त नि काट्यावर कमी, असा मधी अडकलोय मी, बाय."

शर्यतीत, हा शब्द मी त्या दिवशी कानाआड केला. माणसं बोलताना मला पाहिजे तेवढंच मी ऐकायचे. प्रचार करणाऱ्यांत ही खोड असते. बाकीचे कबूल करत नाहीत, मी करते.

पावत्या त्यांनी शेवटपर्यंत दिल्या नाहीत. पण मी त्या केबिनमध्ये जाऊन बसायला लागले, कारण पंख्याखाली एक रिकामी खुर्ची होती आणि ते कुणाला हाकलत नसत. माणूस बघून वजन सांगायचे, तेही वाक्याच्या ओघात, जसं आपण एखाद्याचं आडनाव सांगतो. "तो त्र्याहत्तरवाला सुपरवायझर आला होता." त्यांच्यासमोर कुणी पोट आत ओढून उभं राहत नसे, उपयोग नव्हता. जेवणाला ते "भरून येतो" म्हणत. मी उपाशी आले की लगेच ओळखायचे. "रिकामीच फिरतेस गं. रिकाम्या गाडीचा आवाज जास्त येतो, ठाऊक हाय ना?" आणि डब्यातली तांदळाची भाकरी माझ्यापुढे सरकवायचे.

गाव मासवण. तिथे भाऊ-भावजय होते. लग्न झालं नव्हतं, की झालं होतं आणि टिकलं नव्हतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माणसाची मागणी काय आहे ते मी पहिल्या भेटीत विचारते. माणसाचं विचारायचं राहून जातं. काट्यामागच्या एका खोलीत ते राहायचे. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि बुटांचे चार जोड. चारही जोड टाचेला एकाच बाजूने झिजलेले.

केबिनच्या भिंतीला एक मोठा खिळा होता. त्याला धावण्याच्या शर्यतीत छातीवर लावायचे नंबरचे कागद टोचलेले. पंचवीस-तीस तरी असतील. पालघर, डहाणू, वसई, एकदा तर पार नाशिक. एका दुपारी ते भरून यायला गेले असताना मी तो गठ्ठा काढला. मला वाटलं मागे वेळ लिहिली असेल, किती तास किती मिनिटं. वेळ कुठेच नव्हती. पेन्सिलीने एकेक ओळ होती.

"कमान उतरवलेली."

"केळी संपलेली. साली होत्या."

"पाणी होतं. देणारा नव्हता."

"कमान होती! पण ती दुसऱ्या कार्यक्रमाची."

"कुत्रा शेवटचे दोन किलोमीटर सोबत. चांगला होता."

मी तिथेच उभी राहून सगळे वाचले. ते आले तेव्हा माझे कान तापलेले होते.

"काका, हा अन्याय आहे."

"कुठला?"

"हा! तुम्ही पोचायच्या आत शर्यत गुंडाळतात? तुम्ही नाव नोंदवलेलं असतं ना?"

"मी हळू येतो, बाय. किती थांबतील लोक? त्यांना पण घरं हायेत."

"तुम्ही हळू नाही आहात, तुम्ही एकशेबारा किलो आहात! पंचावन्न किलोच्या पोराबरोबर तुम्हाला एका रेषेवर उभं करतात, हाच मुळात—"

"ते मात्र बरोबर बोललीस," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "कबड्डीत वजन बघतात. कुस्तीत बघतात. गाड्यांचं तर मी रोज बघतो. दहा टनाच्या गाडीला नि छोट्या टेम्पोला कोण एका रेषेवर उभं करतं? पळण्यातच नाय बघत. पळणारा म्हंजे सुकट, असं सगळ्यांनी धरून टाकलंय."

मग त्यांनी कबड्डीची गोष्ट सांगितली. ती त्यांनी मला निदान सहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवट बोटाने हवेत पुसायचे.

मासवणला त्यांचा संघ होता, पन्नास किलो वजनी गटाचा. ते कोपऱ्याला खेळायचे, पकड त्यांची. मनोरला सामने होते. आदल्या दिवशी रेशन दुकानातल्या काट्यावर सगळ्या पोरांची वजनं केली. ते साडेतीनशे ग्रॅम जास्त भरले. दिवसभर खाल्लं नाही, पाणी प्याले नाहीत, चिंच तोंडात धरून थुंकत बसले. सकाळी परत चढले. शंभर ग्रॅम जास्त. मग कुणीतरी म्हणालं, केस काढ. तिथल्या तिथे गोटा केला. परत चढले. काटा हलला नाही.

"केसांत काय वजन असतंय? काय नाय. टेम्पो भरला, पोरं गेली. मी दुकानाच्या पायरीवर, डोक्याचा गोटा, तोंडात चिंच. आईला वाटलं घरात कोण गेलं." एवढं सांगून हसायचे. "तवापासून मी काट्याच्या या अंगाला बसतो."

"आणि पळायला कशाला लागलात?"

"पळण्यात काटा नव्हता म्हणून. आता बघ, मीच मागतोय!"

त्यांचा सराव पहाटे, पहिल्या पाळीच्या बसेस निघायच्या वेळी, वसाहतीच्या रस्त्याने. तोंडाने काहीतरी पुटपुटत पळायचे. मी एकदा बाजूने स्कूटीवर गेले तेव्हा कळलं, "कबड्डी कबड्डी कबड्डी" चाललेलं असायचं. शिफ्टच्या बसचा एक ड्रायव्हर त्यांना बघून दोनदा हॉर्न मारायचा. तो स्वतःही दांडगा होता, स्टिअरिंगमागे घट्ट बसवलेला. त्याला आम्ही बसवाला भाऊ म्हणायचो. पाळी सुटली की वसाहतीच्या मैदानाला गुपचूप चार फेऱ्या मारायचा. आणि घिवलीला एक शाळेतल्या बाई होत्या. त्या दिवस उजाडायच्या आधी समुद्राच्या रस्त्याने ओढणी कमरेला बांधून पळत, आणि माणूस दिसला की चालायला लागत. काका एकदा तिकडे पळायला गेले तेव्हा दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही एकदमच चालायला लागली. असे तिघं. पंच्याऐंशी किलोच्या वरचे, आणि तिघं तीन रस्त्यांना.

"मला मेडल नको," काका म्हणाले होते. हे वाक्य मला नीट आठवतं, कारण मी ते पत्रकात घेतलं नाही. "कबड्डीत साखळी असते बघ. चढाईवाला आला की आपण बाजूवाल्याचा हात धरतो. घाम असतो हाताला, सुटतो, परत धरतो. तसं बाजूला कोण तरी पायजे. पळताना दुसऱ्याचा दम ऐकू आला पायजे. माझ्या आजूबाजूला बंदुकीच्या बारानंतर पाच मिनटांत कोण नसतं. पुढचे तीन तास मी नि रस्ता."

मी म्हटलं, हो हो, पण मागणी ठोस पाहिजे.

त्या हिवाळ्यात पालघरला एकवीस किलोमीटरची शर्यत होती. मी पत्रक लिहायच्या आधी बघायला गेले, म्हणजे पुरावा गोळा करायला. काकांच्या मागे रुग्णवाहिका चालली होती, माणसाच्या वेगाने, आणि आतला माणूस खिडकीतून डोकं काढून म्हणत होता, "काका, बसा ना आत. आम्हाला पण जायचंय." रस्त्यावर ठेवलेले लाल शंकू काकांनी मागे टाकले की एक टेम्पो ते उचलत होता. त्यांच्या पाठीमागे शर्यत मिटवत आणली जात होती, अक्षरशः. शेवटी माइकवाला म्हणाला, "आले आले, आपले रोडरोलर आले!" उरलेली दहा-बारा माणसं हसली. काकांनी हात वर करून नमस्कार केला. मी त्या माइकवाल्याशी भांडले. काका माझ्या मागे उभे राहून म्हणत होते, "ऱ्हाऊ दे, बाय. पाणी कुठाय ते विचार."

पत्रकाचं नाव होतं: "धावण्यात वजनी गट हवाच!" चांगलं पत्रक होतं. आजही म्हणेन. पंच्याऐंशी किलोच्या वर वेगळा गट, बाई असो की बुवा. शेवटचा माणूस पोचेपर्यंत कमान, पाणी आणि माणूस जागेवर. अपमानास्पद बोलणाऱ्या निवेदकावर बंदी. फक्त चौथ्या मागणीवर आमचं वाजलं.

"वजन करणार कसं?" काका म्हणाले. "माझं ऐकशील? सगळ्यांना एकदमच काट्यावर उभं करायचं. माझ्या या काट्यावर. तीन असोत, तीस असोत. एकूण वजन भागिले माणसं. पंच्याऐंशीच्या वर आलं की झाला गट. कोणाचं किती ते कोणाला कळायला नको."

मी हसले. खरंच हसले. "काका, असे नियम नसतात. मध्ये एखादा साठ किलोचा घुसला तर? दुसऱ्यांच्या वजनात लपून?"

"साठ किलोचा माणूस जाड्यांत कशाला लपेल गं? आजवर कोण लपलाय?"

"पारदर्शकता लागते. नाहीतर ते पहिल्याच दिवशी म्हणतील, यांचा गट खोटा."

"बाईंचं काय? त्या सगळ्यांसमोर चढतील?"

"का नाही चढणार? लाज कसली? लाज त्यांना वाटायला हवी, ज्यांनी—" आणि पुढे मी पाच मिनिटं बोलले. बरोबरच बोलले. एकही शब्द खोटा नव्हता.

काका मग म्हणाले, "तू लिवतेस. तुला जास्त कळतं."

चौथी मागणी मी अशी लिहिली: "वजन जाहीरपणे, सर्वांसमक्ष, इलेक्ट्रॉनिक काट्यावर करण्यात यावे." 'जाहीरपणे'खाली रेघ मारली.

आणि आम्ही जिंकलो, म्हणजे तसं मला वाटलं. पुढच्या शर्यतीचे आयोजक, एक सडपातळ साहेब, सकाळी लिंबूपाणी पिऊन दहा किलोमीटर धावणारे, त्यांनी पत्रक वाचलं, दोनदा बोलावलं आणि सगळ्या मागण्या मान्य केल्या. मला धक्काच बसला. मान्य होण्याची मला सवय नव्हती. अट एकच: गटात किमान तीन नावं पाहिजेत. तीन तर होतीच. बसवाला भाऊ म्हणाला, "मॅडम, काटेवाले चाचा दौडेंगे तो हम भी दौडेंगे. बस धीरे दौडेंगे." घिवलीच्या बाईंनी फॉर्म भरताना तीन वेळा विचारलं, "फोटो काढणार नाही ना कुणी?" मी म्हटलं, बाई, काढू देत की!

शर्यतीच्या दिवशी मैदानात स्टेज होतं. स्टेजवर झेंडूच्या माळा, मधोमध काटा, आणि काट्याचा आकडा दिसावा म्हणून मागे मोठा पडदा. पडदा मी मागितला नव्हता. पण तो माझ्याच रेघेतून आला होता. माइकवालाही सुधारलेला होता; रोडरोलर म्हणत नव्हता. "आपल्या जिल्ह्यात प्रथमच! वजनदार धावपटूंचा मानाचा गट! या, एकेकाने मंचावर या, आपलं वजन करून घ्या! टाळ्या!" पुढे हजारभर सडसडीत माणसं अंग मोकळं करत उभी. सगळ्यांनी मोबाइल वर धरले.

मी स्टेजच्या पायरीवर होते, हातात पत्रकांचा गठ्ठा. काका गर्दीतून आले. कबड्डीवाले घालतात तशी निळी हाफ पॅन्ट, छातीवर नंबर.

"बाय, एक मिनट. माझ्या खिशात एक कागद हाय. तो त्या साहेबांना दाखवू या का?"

"काका, कागद नंतर. आधी तुम्ही चढा. तुम्ही पहिले चढलात की बाकीचे चढतील."

"त्या बाई तिकडे झाडामागे हायेत. त्या नाय येणार असं मला—"

"येतील! आता माघार नाही, काका."

त्यांनी खिशावर हात ठेवला. मग काढला. चढले.

पडद्यावर आकडा आला, छताएवढा. एकशे बारा पूर्णांक चार. टाळ्या पडल्या, मोठ्या पडल्या. टाळ्यांच्या आत हसू होतं, आणि कुणीतरी शिट्टी मारली. काका काट्यावर ताठ उभे होते, हात मांड्यांना चिकटवून, रेशन दुकानात उभे राहिले असतील तसे.

"पुढचे स्पर्धक!"

झाडामागे मी बघितलं. बाईंची पाठ दिसली. फाटकाकडे भरभर चाललेल्या, ओढणी डोक्यावरून घेतलेली. बसवाला भाऊ माझ्याजवळ आला, नजर बुटांकडे. "मॅडम, ड्यूटी आ गया. अर्जंट." रविवार होता. त्याची बस रविवारी नसते, मला माहीत होतं.

"अजून कोणी? अजून कोणी?" माइकवाला विचारत राहिला. हजार माणसांत पंच्याऐंशीच्या वरची पंधरा-वीस तरी सहज होती, मीसुद्धा आता नजरेने ओळखायला शिकले होते. सगळी आपापल्या बुटांच्या नाड्या बांधत होती.

साहेब खरंच वाईट वाटून म्हणाले, "ताई, तीन नाहीत. गट रद्द करावा लागेल."

"तुम्ही हा तमाशा मांडलात म्हणून!" मी ओरडले.

त्यांनी माझ्याच हातातलं वरचं पत्रक घेतलं आणि चौथी मागणी बोटाने दाखवली.

काका खुल्या गटात धावले. बंदुकीचा बार झाला, गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी निघून गेली आणि पाच मिनिटांत ते रस्त्यावर एकटे. मी कमानीखाली उभी राहिले. साडेआठ वाजले, नऊ, साडेनऊ. बक्षिसं वाटून झाली. पंप बंद केला आणि ती फुगवलेली कमान एका बाजूने कलत माझ्याच अंगावर बसायला लागली. कमान जागेवर ठेवायची दुसरी मागणी मान्य होती, पण ती वजनी गटासाठी, आणि गट तर रद्द. मी दोन्ही हातांनी ती कमान वर ढकलत उभी होते. गार, ओलं प्लास्टिक. पोरं म्हणाली, ताई सोडा, घडी घालायचीय.

काका आले तेव्हा मैदानात मी, एक झाडूवाली आणि कमानीची घडी. ते त्या घडीला वळसा घालून आले. दम लागलेला. "कबड्डी" थांबलेली होती.

"तुम्ही लढलात, काका," मी म्हटलं. मला दुसरं काही बोलता येत नव्हतं.

ते खाली बसले, बूट काढले. "लढायला समोर कोण तरी लागतो, बाय. पळायला बाजूला." मग म्हणाले, "पाणी हाय?"

माझ्याकडे पत्रकं होती.

त्यानंतर ते धावले नाहीत. मला ते उशिरा कळलं. मी दुसऱ्या कामात होते, एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या, आणि खरं म्हणजे त्या खुर्चीत जाऊन बसायची हिंमत नव्हती. काट्याचं कंत्राट बदललं, नव्या कंत्राटदाराने आपला माणूस आणला, काका गुजरातच्या हद्दीत कुठल्याशा काट्यावर लागले. मी एकदा फोन केला. मागे ट्रकचा आवाज होता. "उतर खाली!" असं कुणाला तरी म्हणाले, मग मला: "बाय, गाडी काट्यावर हाय. नंतर बोलतो." नंतर फोन आला नाही. मीही केला नाही.

गेल्या महिन्यात सांडपाण्याचंच पत्रक वाटत घिवलीला गेले होते. शाळेच्या फाटकावर त्या बाई भेटल्या. मी मान खाली घालून पत्रक पुढे केलं. त्यांनी घेतलं, वाचलं नाही.

"काटेवाले काका कसे आहेत?"

"गेले गुजरातकडे." मग मला राहवलं नाही. "बाई, तुम्ही त्या दिवशी चढायला पाहिजे होतं. फक्त दोन मिनिटं. ते तिथे एकटे पडले."

बाईंनी पत्रकाची घडी घातली. "आम्ही चढलो होतो की."

"कधी?"

"आदल्या दिवशी संध्याकाळी. त्यांनीच बोलावलं होतं. त्यांच्या काट्यावर. मी, ते आणि तो बसवाला. तिघं एकदम उभे राहिलो. सारखा हलत होता आकडा, कारण आम्ही हसत होतो." त्यांना आताही हसू आलं. "काका ओरडले, हलू नका, हात धरा. मग धरले हात. तीनशे भरलो. त्यांनी पावती फाडली, म्हणाले, ही साहेबांना दाखवली की झालं, स्टेजवर चढायची गरज नाही. म्हणून तर आले मी सकाळी. नाहीतर आले असते का?" मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "तुला दाखवली नाही त्यांनी?"

मी तशीच बोईसरला आले, थेट काट्यावर. केबिनमध्ये नवा माणूस होता, मोबाइलवर काहीतरी बघत. बाहेर ट्रक काट्यावर होता आणि ड्रायव्हर आतच बसलेला. तो गठ्ठा अजून खिळ्याला होता.

"ये कचरा आपका है क्या?" नव्या माणसाने विचारलं. "ले जाइए."

मी खिळ्यावरून काढला. सगळ्यात वरचा नंबर त्या शर्यतीचा. त्याला टाचणीने काट्याची पावती लावलेली. वाहन क्रमांक: काही नाही. मालाचा प्रकार: माणसे. वजन: ३०० किलो. तारीख आदल्या दिवसाची.

नंबर उलटला. मला वाटलं, कमान उतरवलेली असं असेल, किंवा माझं काहीतरी असेल, मी तिथे उभी होते ना. पेन्सिलीने त्यांच्या त्या ठाशीव अक्षरात एकच ओळ होती.

"काल तिघं होतो."